वोकिंगचा इतिहास आणि इथली घरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याहून फोन आला की माझी मावशी हमखास विचारते, "तुझं ते वॉकिंग कसं आहे?" चालण्याशी त्याचा संबंध नाही, वोकिंग म्हणायचं. लंडनच्या नैर्ऋत्येला सरे परगण्यातलं हे गाव. वॉटर्लू स्टेशन इथून जलद गाडीनं पंचवीस-तीस मिनिटांवर. तालुक्याची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत १ लाख ४ हजारांच्या आसपास होती. खातीपीती, बागबगीचेवाली, सकाळी लंडनला जाऊन संध्याकाळी परतणारी वस्ती. नोकरीच्या निमित्तानं इकडे यायचा विचार करणारी मराठी कुटुंबं तेच ते प्रश्न विचारतात. चौदा वर्षं इथं राहून जे कळलं ते एकदाचं लिहून ठेवते.

वोकिंग जुनं गाव आहे की नवं?

दोन्ही, कारण वोकिंग दोन आहेत. वे नदीकाठचं जुनं वोकिंग खरंच जुनं आहे. १०८६ च्या डूम्सडे या इंग्लंडच्या जुन्या जमीननोंदवहीत ते सापडतं. तिथल्या सेंट पीटर चर्चचा लाकडी दरवाजा नॉर्मन काळातला. नदीच्या कडेनं पुढं चालत गेलं की एका राजवाड्याचे अवशेष लागतात. सातव्या हेन्रीची आई मार्गारेट ब्यूफोर्ट इथं राहायची. पुढं सातवा आणि आठवा हेन्री दोघेही इथं मुक्कामाला असत. १५१५ मध्ये आठव्या हेन्रीचा सल्लागार थॉमस वुल्झी याला कार्डिनल, म्हणजे पोपखालचा बडा धर्माधिकारी, केल्याची बातमी मिळाली ती याच वाड्यात. १६२० मध्ये पहिल्या जेम्सनं ही जागीर सर एडवर्ड झूश याला दिली आणि त्यानंतर वाड्याची रया गेली. आता खंदक, एक-दोन भिंती आणि भरपूर खाजकुयलीसारखं झुडूप एवढंच उरलंय. वर्षातले मोजके दिवस तो लोकांना बघायला उघडतात.

आज लोक ज्याला वोकिंग म्हणतात ते मात्र तिथून दीड-दोन किलोमीटर उत्तरेला, स्टेशनभोवती आहे. १८३८ पूर्वी तिथं जवळजवळ काहीच नव्हतं.

मग स्टेशन गावात न काढता माळावर का काढलं?

लंडनहून साउदॅम्प्टनच्या बंदराकडे सरळ रेघ मारली की ती या माळावरून जाते, आणि माळाची जमीन स्वस्त होती. वाळूमिश्रित, आम्लधर्मी, पीक न देणारी जमीन. हेदर नावाचं जांभळं झुडूप, काटेरी गॉर्स आणि पाइनची झाडं. आपल्याकडे 'पड' म्हणतो तशी. २१ मे १८३८ रोजी पहिला टप्पा सुरू झाला, लंडनमधलं नाइन एल्म्स ते वोकिंग कॉमन. काही महिने हेच शेवटचं स्टेशन होतं. उतरून लोक घोडागाडीनं गिल्डफर्डकडे निघून जायचे, इथं कुणी थांबायचं नाही.

हे स्टेशन पंधरा-सोळा वर्षं असं उजाड राहिलं, आणि मग जे घडलं त्यावर पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

'वोकिंग मढ्यांनी वसवलं' असं म्हणतात. म्हणजे काय?

१८४८-४९ मध्ये लंडनमध्ये कॉलऱ्यानं हजारो माणसं गेली. चर्चच्या आवारांत जागा उरली नव्हती. जुन्या थडग्यांवर नवी थडगी, वर आलेली हाडं, दुर्गंधी. शेवटी शहरातलं दफन बंद करायचे कायदे आले. मग मढी न्यायची कुठं? १८५२ मध्ये संसदेच्या कायद्यानं एक खासगी कंपनी स्थापन झाली, लंडन नेक्रोपोलिस कंपनी. तिनं वोकिंगचा दोन हजार एकरांहून जास्त माळ विकत घेतला. लंडनचे मृत पुढची कित्येक शतकं इथं मावतील असा हिशेब होता. नोव्हेंबर १८५४ मध्ये त्याच माळावर ब्रूकवुडची दफनभूमी उघडली. तेव्हा ती जगातली सगळ्यात मोठी म्हणून मिरवली जायची.

मढी यायची रेल्वेनं. वॉटर्लूजवळ कंपनीचं स्वतंत्र स्टेशन होतं आणि तिथून थेट दफनभूमीच्या आत गाडी यायची. आत दोन स्टेशनं, एक अँग्लिकन पंथीयांसाठी, दुसरं बाकीच्यांसाठी. आणि वर्ग तीन! पहिल्या वर्गाच्या शवपेटीचं भाडं एक पाउंड, दुसऱ्याचं पाच शिलिंग, तिसऱ्याचं अडीच शिलिंग. नातेवाइकांना परतीचं तिकीट मिळायचं, शवपेटीला अर्थातच एकेरी. नातेवाइकांचं भाडं साध्या गाडीपेक्षा स्वस्त पडायचं, म्हणून जवळच्या गोल्फ मैदानावर येणारे काही खेळाडू काळे कपडे चढवून याच गाडीत बसायचे, अशी आठवण सांगतात. इंग्रजांचा काटकसरीपणा बघता मला ती अगदी खरी वाटते. एप्रिल १९४१ मध्ये जर्मन बाँबफेकीत लंडनचं ते स्टेशन उद्ध्वस्त झालं आणि ही गाडी बंद पडली.

आता मुद्द्याचं. कंपनीचा अंदाज साफ चुकला. लंडनकरांनी जवळपासच्या नव्या दफनभूम्या पसंत केल्या आणि ब्रूकवुडला अपेक्षेच्या मानानं फारच कमी मढी आली. दोन हजार एकरांपैकी जेमतेम चौथा हिस्सा दफनभूमीसाठी लागला. भागधारकांना लाभांश तर हवा. मग कंपनी पुन्हा संसदेत गेली, उरलेली जमीन विकायची परवानगी घेतली आणि प्लॉट पाडायला लागली. स्टेशनभोवतीच्या दुकानांची जागा, तुरुंगाची जागा, पुढं हूक हीथची बंगल्यांची जागा, सगळं त्या विक्रीतून आलं.

म्हणून मी म्हणते, वोकिंग हे गाव कुणी वसवलेलं नाही, ते विकलं गेलंय. रस्त्यांची आखणी एकसंध नाही, गावाला चौक नाही, मध्यवर्ती चर्च उशिरा आलं. ज्याला जसा तुकडा मिळाला तसं त्यानं बांधलं. इथल्या रस्त्यांवर पहिल्या महिन्यात तुम्ही चुकणार, तेव्हा स्वतःला दोष देऊ नका.

इथं तुरुंग आणि वेड्यांचं इस्पितळ होतं हे खरं का?

खरं आहे. पुणेकरांना लगेच येरवडा आठवेल. गावाबाहेरची स्वस्त जमीन दिसली की सरकारला हेच सुचतं, मग सरकार कुठलंही असो. नॅपहिलला १८५९-६० च्या सुमारास आजारी आणि अपंग कैद्यांचा तुरुंग उघडला, पुढं शेजारी बायकांचाही. त्याची नंतर इंकरमन बॅरक्स नावाची लष्करी छावणी झाली. १८६७ मध्ये ब्रूकवुडचं मनोरुग्णालय सुरू झालं, ते १९९० च्या दशकात बंद पडलं. दोन्ही जागांवर आता नीटनेटकी विटांची घरं आहेत. एजंट हा इतिहास आपणहून सांगत नाहीत. मला विचाराल तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट त्या भागात झाडं जुनी आणि मोठी आहेत.

वोकिंगचा भारताशी काही जुना संबंध आहे का?

आहे, आणि तो आयटीवाल्यांच्या कितीतरी आधीचा आहे.

मेबरी भागात १८६० च्या दशकात म्हाताऱ्या नटनट्यांसाठी एक मोठी इमारत बांधली होती. ती संस्था बुडाली. लाहोरच्या सरकारी कॉलेजचे माजी प्राचार्य गॉटलीब लाइटनर यांनी ती इमारत १८८० च्या दशकात घेतली आणि तिथं प्राच्यविद्या संस्था काढली. हिंदुस्थानातून येणाऱ्या विद्यार्थ्यांना आपापला धर्म पाळता यावा म्हणून त्यांनी आवारात मशीद बांधायचं ठरवलं. पैसे दिले भोपाळच्या शाहजहान बेगमनं. १८८९ मध्ये उभी राहिलेली ही हिरव्या घुमटाची छोटीशी मशीद म्हणजे ब्रिटनमधली मशीद म्हणूनच बांधलेली पहिली इमारत. व्हिक्टोरिया राणीचे हिंदुस्थानी नोकर विंडसरहून इथं नमाजाला यायचे. २०१८ मध्ये तिला पहिल्या श्रेणीच्या वारसा वास्तूचा दर्जा मिळाला. लाइटनर यांची संस्था त्यांच्या मृत्यूनंतर संपली. त्या जागी आधी विमानांचा कारखाना आला, मग दुसरा कारखाना आणि आता मोठमोठ्या दुकानांचं संकुल आहे. सोफा घ्यायला गेलेल्या माणसाला मागं अचानक घुमट दिसतो.

हॉर्सेलच्या माळाच्या कडेला पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये वारलेल्या मुस्लिम हिंदुस्थानी सैनिकांसाठी कमानी-छत्र्यांचं एक छोटं कब्रस्तान बांधलं होतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या कबरी ब्रूकवुडला हलवल्या. मूळ जागी २०१५ पासून शांतता उद्यान आहे.

आणि मुंबईचा धागा ब्रूकवुडमध्ये आहे. तिथं १८६० च्या दशकापासून पारश्यांसाठी राखलेला भाग आहे. जमशेटजी टाटा १९०४ मध्ये जर्मनीत बाद नाउहाइमला वारले, त्यांना इथं आणलं. त्यांचे दोन्ही मुलगे, सर रतन आणि सर दोराबजी, आणि दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई, सगळे इथंच आहेत. शेजारी नवरोजी वाडिया. मुंबईच्या गिरण्या, ताज हॉटेल, टाटा हॉस्पिटल, बंगलोरची विज्ञान संस्था, या सगळ्यामागची माणसं सरेमधल्या पाइनच्या झाडांखाली झोपलीत, हे इथं येणाऱ्या दहांतल्या नऊ मराठी माणसांना माहीत नसतं.

ब्रिटनमधली पहिली दहनभूमीही वोकिंगचीच का?

हो. सेंट जॉन्स भागातली. दहनाचा पुरस्कार करणाऱ्या मंडळानं १८७८ मध्ये जागा घेतली आणि मार्च १८७९ मध्ये एका मेलेल्या घोड्यावर भट्टीची चाचणी घेतली. गावकरी खवळले, गृहमंत्र्यांनी मनाई केली. १८८४ मध्ये वेल्समधल्या डॉ. विल्यम प्राइस यांनी आपल्या तान्ह्या मुलाचं शव जाळलं म्हणून खटला झाला आणि न्यायाधीशांनी दहन बेकायदा नाही असा निर्वाळा दिला. २६ मार्च १८८५ रोजी इथं पहिलं दहन झालं. कार्ल मार्क्सचे सहकारी फ्रेडरिक एंगल्स यांनाही १८९५ मध्ये इथंच अग्नी दिला. आपल्याकडे जे हजारो वर्षं चालत आलंय त्यासाठी इथं घोडा, गृहमंत्री आणि न्यायाधीश लागले.

लोक रोज लंडनला ये-जा कधीपासून करू लागले?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. १८९५ मध्ये कादंबरीकार एच. जी. वेल्स मेबरी रोडवर रेल्वेसमोरच्या एका जोडघरात भाड्यानं राहायला आला. इथंच राहून त्यानं 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबरीत मंगळावरची यंत्रं हॉर्सेलच्या माळावर उतरवली आणि सायकलवरून हिंडत आसपासची कुठली कुठली घरं पाडायची ते ठरवलं. गावात सात मीटर उंच तीनपायी धातूचं यंत्र उभं आहे, ते त्याची आठवण म्हणून.

खरी भरती आली ती १९३७ मध्ये पोर्ट्‌समथचा मार्ग विजेवर चालू लागला तेव्हा. स्टेशनची आजची इमारत आणि फलाटांच्या टोकाशी असलेली सिग्नलची केबिन त्याच वर्षीची. त्यानंतर बागा, नर्सऱ्या, शेतं भराभर प्लॉटांत गेली.

आजचा हिशेब असा: वॉटर्लूचा वार्षिक पास चार हजार पाउंडांहून जास्त. कोविडच्या साथीनंतर बहुतेक जण आठवड्यातून दोन-तीन दिवसच ऑफिसला जातात. मंगळवार ते गुरुवार सकाळी सातला फलाट भरलेला असतो आणि शुक्रवारी कबुतरं फिरत असतात. दाराच्या जागा पाठ असलेली माणसं फलाटावर नेमक्या खुणेवर उभी राहतात. पिवळ्या रेघेवरचा घासलेला रंग बघितला की नवख्यालाही कळतं गाडीचं दार कुठं येणार. मे २०२५ मध्ये ही रेल्वे पुन्हा सरकारी झाली. सरकारी मालकीची पहिली गाडी २५ तारखेच्या पहाटे ५.३६ ला वोकिंगहूनच सुटली, आणि रुळांची कामं चालू असल्यानं प्रवासाचा पुढचा टप्पा बसनं करावा लागला. गावानं हे फार प्रेमानं एकमेकांना सांगितलं.

कुठल्या भागात कसली घरं आहेत?

स्टेशनच्या पायी अंतरात व्हिक्टोरियन काळातली चाळवजा रांगेतली घरं आहेत. अरुंद, दोन खोल्या खाली दोन वर, मागं चिंचोळी बाग. पूर्वी रेल्वेचे कामगार राहायचे, आता वकील आणि सॉफ्टवेअरवाले. त्याच भागात जुने बंगले पाडून फ्लॅट उठलेत.

हॉर्सेल कालव्यापलीकडे. गावपण टिकवून आहे आणि तसा भाव लावतं. पायरफर्ड आणि वेस्ट बायफ्लीट १९३० च्या आसपासच्या प्रशस्त घरांसाठी. हूक हीथ म्हणजे कंपनीनं श्रीमंतांसाठी पाडलेले मोठे प्लॉट, शेजारी १८९३ चं गोल्फ मैदान, उंच कुंपणं, रस्त्यावरून घर दिसतच नाही. तिथं पंधरा-वीस लाख पाउंडांचं घर ही रोजची गोष्ट आहे. संगीतकार आणि बायकांच्या मताधिकार चळवळीतल्या एथेल स्मिथ इथं राहायच्या. त्या चळवळीच्या नेत्या एमेलिन पँकहर्स्ट यांना पोलिसांनी स्मिथ यांच्याच दारात पकडलं होतं. आज त्या रस्त्यावर कुणी मोठ्यानं हॉर्नसुद्धा वाजवत नाही.

मला सगळ्यात रस वाटतो तो गोल्ड्सवर्थ पार्कमध्ये. ही सगळी जमीन नर्सऱ्यांची होती. या आम्लधर्मी मातीत गहू आला नाही तरी ऱ्होडोडेंड्रॉन आणि अझेलिया जोमानं येतात, म्हणून एकोणिसाव्या शतकात वोकिंगच्या नर्सऱ्या देशभर प्रसिद्ध होत्या. जांभळ्या फुलांची 'जॅकमनी' नावाची क्लेमॅटिसची वेल जगभर लावतात, ती सेंट जॉन्सच्या जॅकमन यांच्या नर्सरीतली. १९७३ पासून गोल्ड्सवर्थच्या नर्सरीवर साडेचार हजारांच्या आसपास घरं बांधली, मधोमध तळं ठेवलं. घरं लहान, छतं बुटकी, गल्ल्या आंधळ्या. मुलांना मात्र सायकल शिकवायला याहून चांगली जागा नाही. बहुतेक मराठी कुटुंबांचं पहिलं घर इथलंच असतं. माझंही होतं. मागच्या अंगणात कढीपत्ता तीन वेळा मेला, पण आधीच्या मालकाची अझेलिया दर मे महिन्यात शेंदरी पेट घेतल्यासारखी फुलायची.

शीअरवॉटर ही युद्धानंतर लंडनच्या महापालिकेनं आपल्या बेघरांसाठी एका जुन्या, आटवलेल्या तळ्याच्या जागी बांधलेली वसाहत. 'श्रीमंत सरे' या चित्रात ती बसत नाही म्हणून एजंट ती टाळतात. तिथली जुनी घरं पाडून नवी बांधायचं काम कौन्सिलनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, काढलं होतं. त्याचं पुढं काय झालं ते खाली येतंच.

भाव काय आहेत?

तालुक्यातल्या घराची सरासरी साडेचार ते पाच लाख पाउंडांच्या पट्ट्यात फिरते, म्हणजे इंग्लंडच्या सरासरीच्या दीडपट किंवा जास्त. फ्लॅट त्याच्या बऱ्याच खाली, स्वतंत्र घर बऱ्याच वर. याहून नेमका आकडा इथं लिहून उपयोग नाही, सहा महिन्यांत शिळा होतो.

एवढी मागणी आहे, मोकळी जमीनही दिसते. मग नवी घरं का बांधत नाहीत?

तालुक्याची सुमारे साठ टक्के जमीन हरित पट्ट्यात आहे, तिथं बांधकाम जवळपास अशक्य. त्याशिवाय पक्षी आहेत. हसू नका. आसपासच्या माळांना संरक्षण आहे, कारण तिथं रातवा, रानचंडोल आणि डार्टफर्ड वॉर्बलर हे पक्षी राहतात. यातले पहिले दोन जमिनीवरच घरटं करतात आणि तिसरा जेमतेम गुडघाभर झुडपात. माणसाचं कुत्रं किंवा मांजर आलं की संपलं. म्हणून त्या माळांपासून ४०० मीटरच्या आत एकही नवं घर बांधता येत नाही, आणि ५ किलोमीटरपर्यंत घर बांधायचं तर बिल्डरला लोकांना फिरायला दुसरं हिरवं मैदान देण्याचा खर्च उचलावा लागतो. जूनमधल्या संध्याकाळी साडेनऊनंतर हॉर्सेलच्या माळावर उभं राहिलात तर रातव्याचा शिलाईयंत्रासारखा अखंड आवाज ऐकू येतो. चारशे मीटरची रेघ कुणी ओढली ते तेव्हा समजतं.

मग मधोमध ते तीसहून जास्त मजल्यांचे टॉवर कसे? आणि कौन्सिल दिवाळखोर म्हणजे काय?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. बाहेर पसरता येत नाही तर वर चढा, असं कौन्सिलनं ठरवलं. सरकारी तिजोरीतून स्वस्त कर्ज काढून, आपल्याच कंपन्यांना पुढं देऊन, स्टेशनजवळ व्हिक्टोरिया स्क्वेअर नावाचं संकुल उभारलं: फ्लॅटचे टॉवर, दुकानं, हॉटेल. ब्रूकवुडची दफनभूमीही २०१४ मध्ये कौन्सिलनंच विकत घेतली. ७ जून २०२३ रोजी कौन्सिलनं कायद्याच्या ११४ व्या कलमाखाली नोटीस काढली. आम्ही हिशेब जुळवू शकत नाही, अशी ती कबुली. त्या वर्षीची तूट १२० कोटी पाउंड, आणि कर्ज २६० कोटींकडे निघालेलं. कौन्सिलचा वर्षाचा मूळ निधी किती? जेमतेम १.६ कोटी.

एका लाख वस्तीच्या गावावर एवढं कर्ज! वर सरकारचे आयुक्त येऊन बसले, नोकऱ्या कापल्या, अनुदानं बंद झाली, शीअरवॉटरचे पुढचे टप्पे थांबले आणि २०२४ मध्ये कौन्सिलनं आपल्या वाट्याचा कर १० टक्क्यांनी वाढवला. इथून पुढं सरेमधल्या छोट्या कौन्सिलांऐवजी पूर्व आणि पश्चिम अशा दोन मोठ्या कौन्सिल येणार आहेत आणि वोकिंगच्या कर्जातले ५० कोटी केंद्र सरकारनं उचलायचं ठरवलंय. घर घेणाऱ्यानं घाबरायचं कारण नाही. कर्ज तुमच्या घरावर चढत नाही. रस्त्यावरचे खड्डे मात्र परगण्याच्या कौन्सिलकडे असतात, त्यामुळे त्यांचं खापर या टॉवरवर फोडता येत नाही, ही आमची मोठी अडचण आहे.

पुण्यात माझ्या नावावर फ्लॅट आहे. इथं घर घेताना फरक पडतो का?

पडतो, आणि हा या पानावरचा सगळ्यात महागडा प्रश्न आहे. इंग्लंडच्या स्टँप ड्यूटीच्या नियमांत 'आधीचं घर' म्हणजे जगातलं कुठलंही घर.

साडेचार लाख पाउंडांचं घर धरा. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी, आयुष्यात कधीच कुठंही घर नसलेल्याला ड्यूटी ७,५०० पाउंड. पूर्वी कुठं घर होतं पण आता नाही, अशाला १२,५००. आणि व्यवहार पुरा होण्याच्या दिवशी ४०,००० पाउंड किंवा जास्त किमतीचं दुसरं घर नावावर असेल तर संपूर्ण किमतीवर ५ टक्के जादा, म्हणजे एकूण ३५,०००. कोथरूडचा फ्लॅट ती मर्यादा आरामात ओलांडतो. नवराबायकोत एकाच्याच नावावर असला तरी चालत नाही, जोडप्याला एकत्रच धरतात. आधीच्या बारा महिन्यांत १८३ दिवस ब्रिटनमध्ये नव्हतात तर आणखी २ टक्के.

वारसाहक्कानं आलेल्या हिश्शाला काही सवलती आहेत, राहतं घर विकून दुसरं घेतलं तर वेगळे नियम आहेत. पण "त्यांना काय कळतंय आपल्या पुण्याच्या फ्लॅटचं" हा सल्ला देणारा कुणीतरी ऑफिसात भेटतोच. अर्जावर सही तुमची असते. सॉलिसिटरला पहिल्याच भेटीत सगळं सांगा.

लीजहोल्ड म्हणजे भाड्याचं घर का?

नाही, पण पूर्ण मालकीचंही नाही. ठरावीक वर्षांचा हक्क तुम्ही विकत घेता, जमीन दुसऱ्याची. फ्लॅट बहुतेक असेच असतात. दोन गोष्टी बघा: वर्षं किती उरलीत आणि सर्व्हिस चार्ज किती. उरलेली वर्षं ८० च्या खाली गेली की मुदत वाढवणं महाग पडतं आणि बँकाही नाक मुरडतात. ३० जून २०२२ नंतरच्या नव्या लीजवर जमीनभाडं घेता येत नाही. जुन्यांवर असू शकतं.

काउन्सिल टॅक्सचा (इथल्या घरपट्टीचा) बँड, म्हणजे टप्पा, कशावर ठरतो?

तुमच्या घराची एप्रिल १९९१ मध्ये काय किंमत झाली असती यावर. हो, २००५ मध्ये बांधलेल्या घराचीही. याचं स्पष्टीकरण मागू नका.

इथं ग्रामर स्कूल (परीक्षा घेऊन मुलं निवडणारी सरकारी शाळा) आहे का?

सरे परगण्यात सरकारी ग्रामर स्कूल एकही नाही. साध्या सरकारी शाळा चांगल्या आहेत, पण प्रवेश अंतरावर असतो, म्हणून आधी शाळेचा गेल्या वर्षीचा अंतराचा आकडा बघा आणि मग घर.

घर बघायला गेल्यावर नेमकं काय बघावं?

पाऊस पडत असताना जा. दक्षिणेला होऊ नावाचा एक ओढा आहे, दिसायला किरकोळ, पण वेस्टफील्डच्या बाजूला त्यानं पूर्वी पाणी घरात आणलंय. पुढं त्याला बांध घातले, तरी पुराचा नकाशा बघाच. झाडं बघा. मोठ्या झाडावर संरक्षणाचा आदेश असेल तर फांदी छाटायलाही परवानगी लागते, विनापरवाना तोडणं गुन्हा आहे. रेल्वेजवळचं घर असेल तर खिडकी उघडून दहा मिनिटं गप्प बसा. एजंटला बोलू देऊ नका.

आणि सर्व्हे, म्हणजे घराच्या बांधकामाची तपासणी, नीट करून घ्या. आमच्या दुसऱ्या घराच्या वेळी स्वस्तातला सर्व्हे केला. अहवालात "छताची स्थिती सर्वसाधारण" असं एक वाक्य होतं. पहिल्या डिसेंबरात पोटमाळ्यावर चढलो तर तुळयांवर पाण्याचे थेंब ओळीनं लटकत होते. आधीच्या मालकानं इन्सुलेशन छपराच्या कडेपर्यंत असं ठासून भरलं होतं की वारा खेळायला फटच उरली नव्हती. वर चढून टॉर्च मारली असती तर दोन मिनिटांत दिसलं असतं. सर्व्हेवाल्यानं शिडी गाडीतून काढलीच नव्हती, हे शेजारच्या आजींनी नंतर सांगितलं.

आईबाबा येणार आहेत. त्यांना काय दाखवू?

वोकिंगहून पुढचं एकच स्टेशन, ब्रूकवुड. गाडीला पाच-सात मिनिटं लागतात. स्टेशनच्या दक्षिणेच्या बाजूनं बाहेर पडलं की दफनभूमी लागूनच आहे. पारश्यांचा भाग विचारत जा, अंतर बरंच आहे, बाबांना चालवत नसेल तर गाडी न्या. दगडी समाध्या दुरूनच दिसतात. माझे सासरे तिथं टोपी काढून बराच वेळ उभे राहिले होते. त्यांनी एकतीस वर्षं टाटांच्या टेल्कोत काढली होती. मग म्हणाले, "फुलं आणायला हवी होती." स्टेशनाजवळ फुलं मिळतीलच असं नाही, तेव्हा वोकिंगहूनच घेऊन निघा.